उत्तराची तारीख कोण ठरवतो?

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानवर लष्करी कारवाई का केली नाही, हा वाद २०२५ च्या सप्टेंबरअखेर नव्याने पेटला. हल्ल्यानंतर लगेच गृहमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतलेले पी. चिदंबरम यांनी एका मुलाखतीत सांगितले की प्रत्युत्तराचा विचार आपल्याही मनात आला होता. परंतु युद्ध सुरू करू नका असे सांगायला जगभरातून लोक दिल्लीत येत होते आणि परराष्ट्र खात्याचे मतही लष्करी कारवाईच्या विरुद्ध पडले. थोड्याच दिवसांत नवी मुंबई विमानतळाच्या उद्घाटनाच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी, परकीय दबावाखाली तो निर्णय कोणी घेतला, असा जाहीर सवाल केला. मग दोन्ही बाजूंनी ठरलेली वाक्ये सुरू झाली. एका बाजूने २००८ चा भित्रेपणा आणि २०१६, २०१९, २०२५ चे शौर्य अशी विभागणी केली. दुसऱ्या बाजूने २००८ चा विवेक आणि नंतरचा देखावा अशी. पक्ष वेगळे असले तरी मोजपट्टी एकच होती. नेत्याच्या अंगी धैर्य होते की नव्हते, एवढेच दोघांनाही मोजायचे होते.

ही मोजपट्टीच चुकीची आहे, असे माझे मत आहे. युद्धकाळात किंवा युद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या नेत्याची परीक्षा घ्यायची तर वेगळे प्रश्न विचारावे लागतात. त्याने उद्दिष्ट काय ठरवले होते? ते साधण्याची साधने त्याच्याजवळ होती का? थांबायचे कुठे हे त्याला ठाऊक होते का? आणि या सगळ्यांच्या आधीचा प्रश्न असा, की उत्तर देण्याची वेळ त्याने स्वतः निवडली की ती त्याच्यावर लादली गेली? हल्ल्याची तारीख दहशतवादी ठरवतो, तिच्यावर आपला काही इलाज नसतो. परंतु उत्तराची तारीखही त्याच्याच हातात गेली तर युद्ध तो चालवतो, आपण केवळ त्याने नेमून दिलेली भूमिका वठवतो. नेत्याला वेळ निवडू देणे किंवा न देणे हे बऱ्याच अंशी समाजाच्या हाती असते, आणि आपल्या वादांतून नेमका हाच भाग गळून पडतो. आपण नेत्याचा न्यायनिवाडा करतो तेव्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आपल्यालाही उभे राहावे लागेल, हे आपण धरूनच चालत नाही.

दहशतवादी हल्ल्याचे दोन भाग असतात. पहिला भाग बंदुकीचा आणि स्फोटकांचा. तो काही मिनिटांत किंवा काही तासांत संपतो. दुसरा भाग त्यानंतर सुरू होतो, आणि तो पार पाडायला हल्लेखोराजवळ माणसे नसतात. ती माणसे त्याला आपल्यातूनच मिळवायची असतात. दहा माणसे एखादा देश जिंकू शकत नाहीत, हे त्यांना पाठवणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. देशाने आंधळेपणाने हात उगारावा, शेजाऱ्याने शेजाऱ्याचे दार फोडावे, कायद्याने स्वतःचाच गळा आवळावा, एवढ्यासाठी ती दहा माणसे पाठवलेली असतात. डिवचणे हेच त्यांचे शस्त्र असते आणि डिवचल्या गेलेल्याचा संताप हा त्या शस्त्राचा दारूगोळा असतो.

हे तंत्र आपल्याला नवे नाही. १६५९ मध्ये अफझलखान विजापुराहून निघाला तेव्हा वाटेत त्याने तुळजापूर आणि पंढरपूर येथे उपद्रव दिल्याचे बखरी सांगतात. खान हा मोठ्या फौजेचा सेनापती होता आणि आजच्या अर्थाने त्याला दहशतवादी म्हणणे बरोबर ठरणार नाही. उदाहरण येथे डावपेचापुरतेच घ्यावे. शिवाजी महाराजांना डोंगरातून उघड्या मैदानावर आणणे त्याच्या हिताचे होते, कारण मैदानात त्याच्या घोडदळापुढे आणि तोफांपुढे मावळ्यांचा निभाव लागणे कठीण होते. कुलदेवतेच्या स्थानाला उपद्रव झाल्याचे ऐकून कोणाचे रक्त उसळले नसते? त्या क्षणी महाराज खाली उतरले असते तर त्यांना शूर म्हणणारे पुष्कळ भेटले असते, आणि स्वराज्य बहुधा तिथेच संपले असते. महाराज प्रतापगडावर गेले, खानाला वाईहून जावळीच्या खोऱ्यात येणे भाग पाडले, आणि १० नोव्हेंबरला जे घडले ते त्यांनी निवडलेल्या जागी, त्यांनी निवडलेल्या दिवशी घडले. शाहिस्तेखान १६६० पासून पुण्यात ठाण मांडून बसला होता. लाल महालावर छापा पडला १६६३ च्या एप्रिलमध्ये. मधली तीन वर्षे महाराज घाबरून बसले होते, असे आज कोणी म्हणेल का? आपल्याच इतिहासातला हा धडा आपण पोवाड्यात अभिमानाने गातो, आणि वर्तमानात तसाच प्रसंग आला की चोवीस तासांत उत्तर मागतो.

१९७१ चे उदाहरण याहून जवळचे आहे. २५ मार्चच्या रात्री पूर्व पाकिस्तानात लष्करी दमन सुरू झाले आणि पुढच्या महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. बांगलादेशाला ताबडतोब मान्यता द्या, सैन्य पाठवा, अशी मागणी देशात सर्व थरांतून होत होती. जनसंघाने त्यासाठी सत्याग्रह केला; जयप्रकाश नारायण यांच्यासारखा शांततावादी नेताही ठोस कृतीचा आग्रह धरत होता. लष्करप्रमुख माणेकशा यांनी नंतर सांगितलेल्या आठवणीनुसार एप्रिलच्या बैठकीत त्यांनी पंतप्रधानांना स्पष्ट नकार दिला: पावसाळा तोंडावर आहे, नद्या फुगतील, सैन्य व रणगाडे सज्ज नाहीत आणि हिमालयातील खिंडी मोकळ्या असताना चीनकडे दुर्लक्ष करता येणार नाही. इंदिरा गांधी यांना त्या वेळी खरोखर लगेच युद्ध हवे होते का, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. निर्विवाद आहे ते असे, की त्यांनी वाट पाहिली आणि ती रिकाम्या हातांनी पाहिली नाही. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला, मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण व शस्त्रे मिळाली, शरद ऋतूत पंतप्रधानांनी पाश्चात्त्य राजधान्यांचा दौरा केला. ३ डिसेंबरला पाकिस्ताननेच हवाई हल्ला केला तेव्हा भारत तयार होता, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही झाली. एप्रिल ते नोव्हेंबर या काळातल्या टीकाकारांना त्या वाट पाहण्यात दुबळेपणा दिसत होता. त्यांचा राग खरा होता, हेतू चांगला होता. त्यांचे म्हणणे ऐकले असते तर मात्र डिसेंबरचा तो दिवस उगवला असता का, याची शंका वाटते.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. वाट पाहण्याची किंमत असते आणि ती बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी चुकवतो. १९७१ च्या त्या आठ महिन्यांत पूर्व बंगालमध्ये जी माणसे मारली गेली, त्यांच्या घरच्यांना दिल्लीच्या दूरदृष्टीचे कौतुक काय सांगायचे? २००८ बाबत तर आक्षेप अधिक टोकदार आहे. त्या हल्ल्यात १६६ जण मृत्युमुखी पडले. हल्लेखोरांना कराचीतून दूरध्वनीवर सूचना मिळत होत्या, त्यांचे ध्वनिमुद्रण होते, अजमल कसाब हा एक हल्लेखोर जिवंत हाती लागला होता. एवढा पुरावा असूनही पाकिस्तानात सूत्रधारांवरचा खटला रेंगाळला आणि प्रमुख आरोपींपैकी झकीउर रहमान लखवी याला २०१४ च्या डिसेंबरमध्ये जामीन मिळाला. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनीही नंतर लिहिले आहे की त्या दिवसांत आपण स्वतः तात्काळ आणि दृश्य प्रत्युत्तराच्या बाजूचे होतो. म्हणजे संयमाचा निर्णय ज्यांच्या डोळ्यांसमोर झाला, त्यांनाही तो सहज पटलेला नव्हता. संयमामुळे हल्लेखोराला अभय मिळाल्यासारखे वाटते आणि जरब बसत नाही, हा युक्तिवाद भावनेच्या भरातला म्हणून झटकून टाकता येणार नाही. काही न केल्याचा अर्थ समोरचा माणूस कसा लावील, यावर आपले नियंत्रण नसते.

परंतु हे मान्य केल्यावरही मूळ वाद सुटत नाही, कारण दोन्ही बाजू यानंतर एकाच तर्कदोषात अडकतात. संयमाचे टीकाकार म्हणतात की २००८ मध्ये उत्तर दिले नाही म्हणून पुढे पठाणकोट आणि उरी घडले. मग २९ सप्टेंबर २०१६ च्या सीमापार कारवाईनंतर १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान कसे मारले गेले? बालाकोटवर विमाने पाठवल्यानंतर २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरण कुरणात २६ जणांना कसे मारता आले? प्रतिहल्ल्याचे टीकाकार हीच यादी उलट्या हेतूने वाचतात आणि प्रतिहल्ले व्यर्थ ठरल्याचा निष्कर्ष काढतात. पुढचा हल्ला झाला म्हणजे आधीचे धोरण फसले, हे गणित मांडले तर जगातले प्रत्येक धोरण फसलेले निघेल. न झालेले हल्ले मोजता येत नाहीत, ही या विषयातली मोठी अडचण आहे, आणि जो कोणी छातीठोकपणे सांगतो की अमुक एका कारवाईने दहशतवाद थांबला किंवा अमुक एका संयमाने तो वाढला, तो ज्ञानाच्या जोरावर बोलत नसून आवेशाच्या जोरावर बोलत असतो.

प्रतिहल्ला करू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उरीनंतर दहा-अकरा दिवस आणि पहलगामनंतर पंधरा दिवस सरकारने तयारीसाठी घेतले. ७ मे २०२५ च्या पहाटे नऊ ठिकाणांवर हल्ले करताना लक्ष्य दहशतवाद्यांचे तळ असल्याचे सुरुवातीलाच जाहीर केले, आणि १० मे रोजी गोळीबार थांबला. त्या मोहिमेच्या फलिताबद्दल वाद जरूर घालावा. पण उद्दिष्ट मर्यादित होते आणि थांबण्याची जागा विचारात घेतलेली होती, हे नाकारता येत नाही. याउलट १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर देश संतापाने पेटलेला असताना ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झाले. सैन्य सीमेवर नेले, सुरुंग पेरले, आणि साधायचे काय आहे हे स्पष्ट नसल्याने सुमारे दहा महिने ते तिथेच उभे राहिले. सुरुंगांच्या व अन्य अपघातांत जवान मरण पावले, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला. धैर्याच्या मोजपट्टीवर ‘पराक्रम’ला कमी गुण देता येतील का? लाखो सैनिक सीमेवर उभे होते. उद्दिष्टाच्या मोजपट्टीवर मात्र ते टिकत नाही.

समाजाचा दबाव नेत्याच्या हातातून वेळ कशी काढून घेतो, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आपल्याकडे १९९९ च्या अखेरीस घडले. २४ डिसेंबरला काठमांडूहून दिल्लीकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवले गेले. अमृतसरला ते सुमारे पाऊण तास उभे होते आणि त्या वेळात ते अडवता आले नाही. हे प्रशासनाचे ढळढळीत अपयश होते आणि त्याची जबाबदारी सरकारचीच होती. पण विमान कंदाहारला पोहोचल्यानंतरचे दिवस आठवून पाहावेत. प्रवाशांचे नातेवाईक पंतप्रधानांच्या निवासाबाहेर आक्रोश करत होते, वाहिन्या तो आक्रोश दिवसरात्र दाखवत होत्या, आणि हवे त्यांना सोडा पण आमची माणसे परत आणा, ही मागणी सार्वत्रिक होत गेली. त्या नातेवाइकांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच मागितले असते. प्रश्न उरलेल्या देशाचा आहे. ज्यांचे कोणीही विमानात नव्हते अशा कोट्यवधी माणसांनी तरी तोल सांभाळून सरकारला वाटाघाटीसाठी अवकाश द्यायला हवा होता. ३१ डिसेंबरला तीन दहशतवादी सोडले गेले. त्यांतला एक मसूद अझहर. त्याने पुढच्याच वर्षी जैश-ए-मोहम्मद स्थापन केली, आणि पुलवामाच्या हल्ल्याची जबाबदारी त्याच संघटनेने घेतली. आज कंदाहारचा निर्णय दुबळेपणाचा म्हणून हिणवणाऱ्यांत, त्या आठवड्यात तोच निर्णय मागणारे किती असतील?

अमेरिकेत दबाव उलट्या दिशेने काम करत होता, पण त्याची जात तीच होती. ११ सप्टेंबर २००१ नंतर तीनच दिवसांत काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष बुश यांना बळाच्या वापराचा जवळजवळ बिनशर्त अधिकार दिला. प्रतिनिधीगृहात ४२० मते बाजूने आणि एक विरुद्ध. सिनेटमध्ये विरोधात एकही मत नाही. बार्बरा ली या एकट्या सदस्याने जपून पावले टाकण्याची विनंती केली आणि तिला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. अल कायदाचे तळ उद्ध्वस्त करण्यासाठी अफगाणिस्तानात उतरणे समर्थनीय होते, असे मी मानतो. पण कोणाशी, कुठवर आणि केव्हापर्यंत लढायचे, हे त्या ठरावात लिहिलेलेच नव्हते, आणि शोकात बुडालेल्या समाजाने ते विचारलेही नाही. त्याच मनःस्थितीचा फायदा घेऊन दीड वर्षात इराकवर स्वारी झाली, ज्या देशाचा त्या हल्ल्याशी संबंध नव्हता आणि जिथे सांगितलेली महासंहारक शस्त्रे कधी सापडली नाहीत. वीस वर्षांनंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, काबूल पुन्हा तालिबानच्या ताब्यात गेले. ज्या दिवशी प्रश्न विचारणे हा द्रोह ठरला, त्या दिवशी या पराभवाची सुरुवात झाली होती.

येथवर नेत्यांविषयी झाले. हल्ल्याचा दुसरा भाग मात्र गल्लीबोळांत घडतो आणि तिथे प्रत्येक नागरिक निर्णयकर्ता असतो. ३१ ऑक्टोबर १९८४ ला दोन शीख अंगरक्षकांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या केली. पुढच्या तीन दिवसांत एकट्या दिल्लीत, सरकारी आकड्यानुसारच, २,७३३ शीख मारले गेले. त्या जमावाला चिथावणी देणारे राजकारणी होते आणि बघत उभे राहणारे पोलीस होते, हे खरेच. पण टायर आणि रॉकेल घेऊन निघालेले हात त्याच शहरातल्या लोकांचे होते. खलिस्तानी संघटनांना जे वर्षानुवर्षे सांगूनही सामान्य शिखांना पटवता आले नव्हते, की या देशात तुम्ही सुरक्षित नाही, ते या तीन दिवसांनी अनेकांच्या मनात रुजवले. पंजाबातील हिंसाचाराचा सर्वांत रक्तरंजित काळ त्यानंतरचा आहे. दहशतवाद्याला भरती करून देणारा याहून मोठा हस्तक कोणता?

मुंबईने १९९३ मध्ये वेगळे काही दाखवले, आणि त्या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत सुमारे नऊशे माणसे मारली गेल्याला दोन महिनेही झाले नव्हते. १२ मार्चच्या दुपारी शेअर बाजारापासून सुरू झालेल्या बॉम्बस्फोटांच्या मालिकेत २५७ जणांचा बळी गेला. नुकतेच मुख्यमंत्री झालेले शरद पवार यांनी त्या संध्याकाळी दूरदर्शनवरून बोलताना मुस्लिमबहुल मस्जिद बंदर परिसरातही एक स्फोट झाल्याचे सांगितले. तो झालेला नव्हता. सगळे स्फोट हिंदुबहुल भागांत झाल्याचे लोकांच्या ध्यानात आले तर रात्रीपर्यंत शहर पेटेल, या भीतीने आपण जाणूनबुजून ते सांगितले, हे त्यांनी स्वतःच पुढे मान्य केले. शहर पेटले नाही. राज्यकर्त्याने जनतेशी खोटे बोलण्याची मुभा मी कोणालाही सरसकट देणार नाही. ज्या दिवशी एक हितकारक असत्य चालवून घेतले जाते, त्या दिवशी दहा अहितकारक असत्यांना वाट मिळते. पण या प्रसंगात मला नेत्याच्या चातुर्यापेक्षा दुसरीच गोष्ट अधिक बोचते. खरे सांगितले तर हे लोक एकमेकांचे गळे धरतील, असे मुख्यमंत्र्याला वाटले आणि ते वाटणे निराधार नव्हते. ते असत्य बोलावे लागले, हे आपल्यावरचे आरोपपत्र आहे.

पंधरा वर्षांनी त्याच शहरातील एका कृतीने त्या आरोपपत्राला काही अंशी उत्तर दिले. नोव्हेंबर २००८ मध्ये मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या भूमीत जागा देण्यास मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नकार दिला. निरपराधांना मारणारे आमच्या धर्माचे नव्हेत, असे त्यांनी सांगितले, आणि ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ शवागारात पडून राहिले. हल्ल्यानंतर शहरात दंगल झाली नाही. हल्लेखोरांना पाठवणाऱ्यांच्या बेतातला जो भाग आपल्याकडून पार पाडला जायचा होता, तो पार पडला नाही. याची नोंद विजय म्हणून कुठेही होत नाही, कारण त्याचे चित्रण दाखवता येत नाही.

पहलगामनंतरही अशी दृश्ये दिसली आणि त्यांच्या उलटही दिसली. खोऱ्यात दुकाने बंद ठेवून लोक हल्ल्याच्या निषेधार्थ रस्त्यावर उतरले. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवाला त्या कुरणातच मारला गेला होता. त्याच आठवड्यात इतर राज्यांत शिकणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना धमकावले गेले. त्या हल्ल्यात पती गमावलेल्या एका तरुण स्त्रीने मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवा, असे हात जोडून सांगितले, तेव्हा तिच्यावर समाजमाध्यमांतून इतकी घाणेरडी टीका झाली की राष्ट्रीय महिला आयोगाला त्याचा निषेध करावा लागला. जिचे कुंकू पुसले गेले तिचा राग आपल्याला हवा होता. तिचा विवेक आपल्याला नको होता. तिच्या दुःखावर आपला काय अधिकार होता?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: ही सगळी प्रवचने झाली, दहशतवाद शेवटी बळानेच मोडतो, पंजाब पाहा. पंजाबचा दाखला खोटा नाही. तिथला दहशतवाद १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसी बळाने मोडला गेला, आणि त्यात असंख्य पोलिसांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी प्राण गमावले. बंदूक घेऊन आलेल्याला बंदुकीनेच थांबवावे लागते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उभे राहून त्याला विवेक शिकवता येत नाही. परंतु तेच बळ आधीची पाच-सात वर्षे वापरले जात होते, तेव्हा ते पुरे पडले नव्हते. खंडणी, अपहरणे आणि हत्या यांना कंटाळलेल्या गावांनी दहशतवाद्यांना आसरा देणे थांबवले, माहिती मिळू लागली, तेव्हा ते लागू पडले. आणि पोलिसांनी बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांचा हिशेब राष्ट्रीय मानवाधिकार आयोगासमोर पुढे अनेक वर्षे चालला, हेही त्याच विजयाच्या खात्यावर लिहावे लागते. बळ आणि समाजाची साथ यांत निवड करायची नसते. दुसरीशिवाय पहिले आंधळे असते.

संयम म्हणजे मौन, असा मात्र कोणी अर्थ घेऊ नये. नेत्याला वेळ द्यायचा तो हिशेब मागण्याचा हक्क राखून. १९६२ मध्ये चीनचे सैन्य देशात घुसलेले असताना अटलबिहारी वाजपेयी यांच्यासारख्या विरोधकांनी संसदेचे अधिवेशन मागितले, आणि नेहरूंनी ते युद्ध चालू असताना, ८ नोव्हेंबरला बोलावले. तिथे सरकारवर कठोर टीका झाली. १९९९ मध्ये कारगिलची लढाई संपून तीन दिवस होतात न होतात तोच वाजपेयी सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिचा अहवाल, काही भाग गाळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला. मे २०२५ मध्ये मात्र काही वृत्तवाहिन्यांनी कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या रात्रभर सांगितल्या; आपली विमाने पडली का, हा साधा प्रश्न विचारणाऱ्यांना देशद्रोही ठरवले गेले; आणि त्याच महिन्याच्या अखेरीस संरक्षण दलप्रमुखांनी स्वतःच विमाने गमावल्याचे मान्य केले. लष्कराला सत्य सांगण्याचे भय वाटले नाही. ते ऐकण्याचे भय आपल्याला वाटले.

२००८ नंतर तरी आपण कोणते प्रश्न विचारले? कसाबला तुरुंगात बिर्याणी मिळते, या गोष्टीवर वर्षानुवर्षे संताप व्यक्त झाला. २०१५ मध्ये सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच सांगितले की ती गोष्ट आपण रचली होती. हल्लेखोर समुद्रमार्गे आले, तो मार्ग उघडा का होता? रात्री सुरू झालेल्या हल्ल्याला तोंड द्यायला दिल्लीजवळच्या मानेसरचे एनएसजी (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल) कमांडो मुंबईत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस का उजाडला? पोलिसांच्या प्रतिसादातील उणिवा राज्य सरकारने नेमलेल्या प्रधान समितीने दाखवल्या, पण त्या अहवालावर किती चौकांत चर्चा झाली? राष्ट्रीय तपास संस्था, मुंबईसह चार शहरांत एनएसजीची केंद्रे, किनाऱ्यावरची नवी पोलीस ठाणी, हे सर्व त्या हल्ल्यानंतर उभे राहिले आणि ते खरे प्रत्युत्तर होते. पण ते आज कोणत्या स्थितीत आहे, हे विचारण्यात आपल्याला रस उरलेला नाही. लाठीच्या बळावर कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांना आपण वंदन करतो. त्यांच्या हाती त्या रात्री लाठीच का होती, हे आपण विचारत नाही.

कसाबला तिथेच गोळी घाला, भर चौकात फाशी द्या, असे तेव्हा सर्वत्र बोलले जात होते. त्याचे वकीलपत्र घेणाऱ्या स्त्रीच्या घरावर जमाव चालून गेला. तरी खटला चालला, पुरावा तपासला गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. त्या निकालाकडे बोट दाखवून जगात कोठेही भारताला आपली बाजू मांडता येते. मुंबईतच ११ जुलै २००६ ला सात लोकलगाड्यांमध्ये स्फोट झाले होते. तेव्हाही लोकांना लवकर उत्तर हवे होते आणि तपास यंत्रणेने काही महिन्यांत ते दिले. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने पुरावा टिकत नाही म्हणून त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वदाखला मानू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. हे बारा जण खरोखर निरपराध असतील तर त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यातली १९ वर्षे गेली, आणि ज्यांनी त्या संध्याकाळी चर्चगेटहून सुटणाऱ्या गाड्यांत बॉम्ब ठेवले ते तेवढीच वर्षे मोकळे फिरले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड या टप्प्यात ज्यांची माणसे घरी पोहोचली नाहीत, त्यांना ती कोणी मारली हे आज खात्रीने सांगू शकेल असा कोणीही नाही.